त्यानं बूट दाराबाहेर काढले

जबलपूरजवळ खमरियाला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. फॅक्टरीचा पहिला भोंगा झाला की बाबांची सायकल फाटकाबाहेर, दुसरा झाला की आईचा चहा, आणि मधे केव्हातरी मैदानाकडे तोफगोळ्यांची चाचणी सुरू झाली की खिडकीच्या काचा, फडताळातल्या बशा आणि माझे दात, तिन्ही एकदम वाजायचे. नागपूरकडून आलेले पाहुणे दचकून उभे राहायचे आणि आम्ही हसायचो. आई नुसती वरणाच्या गंजावर झाकण ठेवायची, कारण बार झाला की छताचा चुना झडायचा. एवढं मोठं काहीतरी रोज फुटताना ऐकत वाढलं, की माणसाची अशी समजूत होते की धोका येईल तेव्हा तो आवाज करूनच येईल. मी अठरा वर्षांची होईपर्यंत माझी तीच समजूत होती.

आई काळा मसाला करायची. धणे, खोबरं, दगडफूल, सुक्या मिरच्या लोखंडी कढईत पडल्या की गल्लीच्या टोकापर्यंत माणसं शिंकायची. समोरच्या तिवारी चाची खिडकीतून ओरडायच्या, "काय रामटेकेन, मार डालोगी क्या सबको?" आणि संध्याकाळी त्याच चाची पदराआड डबा घेऊन मसाला न्यायला यायच्या. उन्हाळ्यात कुरड्या, पापड, मुगाच्या वड्या असायच्या. मागच्या व्हरांड्यात पोती, डबे, तराजू. सरकारी क्वार्टरमध्ये असला धंदा करायला मनाई होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गल्लीतल्या निम्म्या बायका काही ना काही करत होत्या. पण आमच्या बाबांना नियमाची फार धास्ती होती. मसाला भाजायचा दिवस असला की ते फॅक्टरीत जाताना म्हणायचे, "आज वारा तिकडचा आहे, जरा पाहून भाज." जसा काही वारा फॅक्टरीच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर जाऊन चहाडी करणार होता.

या कामात आईची भागीदार म्हणजे शांतामावशी. ती आमची सख्खी कोणी नव्हती, आईच्या माहेरच्या गावची, एवढंच. परक्या मुलखात तेवढं पुरतं. नवरा लवकर गेला, त्यानं जबलपूर शहरात, दीक्षितपुऱ्यात घेतलेलं तीन खोल्यांचं जुनं घर राहिलं. दोन खोल्यांत मावशी आणि तिची मुलगी सुमन, आणि रस्त्याकडच्या खोलीत भाडेकरू गोविंदजी. गोविंदजी जवळच्याच पनागर गावचे. भावाची शेती होती, पण यांचं मन शेतीत नव्हतं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. चाळिशी ओलांडलेले, लग्न केलेलं नाही, बोलणं कमी. अकरा वर्षं त्या खोलीत राहत होते. मावशीला 'अम्मा' म्हणायचे, वयानं ती त्यांच्यापेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी असेल तरी. रविवारी मावशीच्या हातची भाकर आणि झुणका खायचे आणि आपल्या मराठीत म्हणायचे, "अम्मा, भाकर लई चांगला झाली." सुमन हसून लोळायची. ते पुढच्या रविवारी पुन्हा तसंच म्हणायचे. ती हसावी म्हणूनच म्हणत असावेत, असं आता वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जबलपुरात आमची मराठी उंबऱ्यापर्यंतच होती. पाऊल बाहेर पडलं की हिंदी. दूधवाला, शाळा, बस, दवाखाना, सगळीकडे हिंदी. त्यामुळे दाराच्या त्या बाजूनं कोणी मराठी बोललं की दार जवळजवळ आपोआप उघडायचं. त्यात कोणी 'जय भीम' म्हटलं की मग प्रश्नच नाही. बाबांचा दंडक होता, "आपला माणूस दारातून पाणी न पिता जाता कामा नये." मग ठरलेले प्रश्न: आडनाव काय, गाव कोणतं, आई कोणाकडची, तिकडे अमके अमके राहतात ते माहीत आहेत का. चौथ्या प्रश्नापर्यंत काहीतरी नातं निघायचंच. नाही निघालं तर बाबा काढायचे. त्या घरात आपल्या माणसाला 'तुमचं ओळखपत्र दाखवा' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं झालं असतं.

त्या दिवशी आई विहारात गेली होती. जयंती जवळ आली होती, बायकांची बैठक होती. बाबा ड्युटीवर. उन्हं तापली की आमची गल्ली मेल्यासारखी व्हायची. मी खाटेवर पुस्तक उघडं टाकून पडले होते, तेव्हा दारावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक झाली. जोरानं नाही. घरात कोणी आजारी असेल तर जसं हळू वाजवावं तसं.

"जय भीम. रामटेके साहेबांचं घर हेच ना?"

बाहेर पाटी होती, आडनाव त्यावर होतं. हा हिशोब माझ्या डोक्यात यायला पुढे किती दिवस लागले. तेव्हा मी दार पूर्ण उघडलं. पन्नाशीचा माणूस. राखी रंगाचा सफारी, बगलेत तपकिरी फाइल, केसांना तेल. मी म्हटलं, बाबा नाहीत. तो म्हणाला, "काही हरकत नाही. मी सेल्स टॅक्समधून आलो. जरा बसलो तर चालंल?" आणि मी काही बोलायच्या आत त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट दाराबाहेर भिंतीला लावून सरळ ठेवले, टाचा आत, टोकं बाहेर. मग मोज्यांच्या पायांनी आत आला. मोजे अगदी स्वच्छ पांढरे होते. सरकारी माणूस कधी बूट काढतो का? पण मला तेव्हा ते फार बरं वाटलं.

मी पाणी दिलं. बाबांच्या शिस्तीनं विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"भंडाऱ्याकडचे आम्ही."

"माझी आई पण तिकडचीच!"

"हो का? कोणतं गाव?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "अरे वा, मग तर घरचेच झालो." मी मामांचं नाव सांगितलं, तो म्हणाला, ऐकून आहे. मी आजोबांचं सांगितलं, तो म्हणाला, फार सज्जन माणूस. मी त्याची ओळख विचारत होते आणि ओळख सगळी मीच देत होते. दहा मिनिटांत त्याला आमचं अख्खं खानदान माहीत झालं आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. चहा ठेवायला मी आत गेले तेव्हा मैदानाकडे पहिला बार झाला. बशा वाजल्या. मी वळून पाहिलं, तर तो माणूस जरासुद्धा दचकला नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कधी उठला, कधी आला, पाऊल वाजलं नव्हतं.

"ताई, हा वास कशाचा येऊन राहिला?"

मी चहात साखर घातली.

तो हळूच माझ्या बाजूनं मागच्या व्हरांड्यात गेला. पोत्यावर हात ठेवला, डब्याचं झाकण उघडून नाकाशी नेलं, तराजूला बोट लावलं. पारडं हललं, ते थांबेपर्यंत तो बघत राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज आणखीच मऊ झाला होता. "क्वार्टर फॅक्टरीचं. त्यात धंदा. मले हे लिहावं लागंल ताई. मी इथून लिहिलं की कागद फॅक्टरीत जाते. मग क्वार्टर जाते. एखाद्याची नोकरीही गेली म्हणतात. मी आपला माणूस म्हणून सांगून राहिलो, दुसरा असता तर सांगत नव्हता."

खरं सांगायचं तर त्यानं मला दरडावलं नाही, हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःशी ही हकीकत पुष्कळदा सांगितली, आणि दर वेळी त्याला थोडा जास्त क्रूर केला, म्हणजे मी थोडी कमी दोषी होईन. आज तसं करणार नाही. तो चहाची वाट बघत शांत उभा होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, सायकल हातात धरून, क्वार्टरचं सामान रस्त्यावर. मी म्हणाले, "हे आमचं नाही. शांतामावशीचं आहे. आमच्याकडं नुसतं ठेवलं आहे."

त्यानं विचारलं नव्हतं कोणाचं म्हणून. मीच म्हणाले.

"कोण शांतामावशी?"

मग सगळं आलं. दीक्षितपुरा, कोणती गल्ली, कोणतं दार. त्यानं फाइलमधून कागद काढला आणि म्हणाला, लिहून द्या म्हणजे तुमच्या बाबांवर काही येणार नाही. तो सांगत गेला, मी लिहीत गेले: हा माल आमचा नाही, शांताबाई यांचा आहे. खाली सही. अक्षर चांगलं काढलं मी. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस होतं.

कागद फाइलमध्ये ठेवल्यावर तो सुस्कारा टाकून म्हणाला, "एकट्या बाईवर केस करायची म्हणजे मलेही वाईट वाटते. घरची परिस्थिती कशी आहे त्यांची? तुम्ही सांगाल तसं मी नरम लिहीन." आणि मी, आता जे केलं ते थोडं पुसावं म्हणून, मावशीची गरिबी सांगायला लागले. त्यांच्याजवळ काही नाही हो. जे आहे ते सुमनच्या लग्नाचं, महिन्यावर आलं आहे, आईचे आणि आजीचे चार दागिने, तेवढेच ट्रंकेत ठेवलेत. "घरात पुरुष माणूस?" नाही. भाडेकरू आहेत गोविंदजी, पण ते दहाला दुकानात जातात, सुमन बालवाडीत शिकवते, मावशी दुपारपर्यंत एकटीच असते. दया येईल म्हणून मी सांगत होते. त्यानं चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि म्हणाला, "घरी काही सांगू नका. चौकशी सुरू असताना सांगितलं तर बाबांवरच येते." बाहेर भिंतीला टेकून बूट घातले. नाड्या नीट बांधल्या. त्याची स्कूटर आमच्या दाराशी नव्हती, गल्लीच्या पार टोकाला सुरू झाल्याचा आवाज आला.

मी कप धुतला. कोणी येऊन गेल्याचं कळू नये म्हणून ताटाळ्यात मागे सारून ठेवला. आई आली, विहारातल्या गमती सांगत बसली. मी हसले. रात्री मला झोप चांगली लागली. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं. मला वाटलं होतं, वाचलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सुमन बसनं आली. दारातच बसली आणि रडायला लागली. आम्ही तिघं तसेच तिच्यासोबत निघालो. दीक्षितपुऱ्याच्या त्या खोलीत मावशी भिंतीला पाठ लावून बसली होती, समोर गाठ सोडलेलं लाल कापड आणि त्यावर नट-बोल्टाच्या लोखंडी वायसरांचा ढीग. मावशीनं किती वेळा सांगितलं असेल कोणास ठाऊक, आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सेल्स टॅक्सचा साहेब आला होता. आपला माणूस, जय भीम म्हणाला. बूट काढून आत आला. मसाल्याची चौकशी आहे म्हणाला, घरातलं सोनं तपासून नोंद करावी लागते. तिच्यासमोर दागिने लाल कापडात बांधले, लाख वितळवून मोहर लावली, म्हणाला, मोठे साहेब येईपर्यंत मोहर तोडली तर जेल होते. "मी दोन दिवस त्याले हात नाही लावला," मावशी म्हणाली. "दोन दिवस त्या गाठोड्यापुढं दिवा लावून बसली मी. कायद्याचं होतं ना ते. कोणी आलंच नाही तेव्हा आज सोडलं, तर आत हे."

आईनं मावशीला जवळ घेतलं. विहाराच्या समितीचे खोब्रागडेकाकाही तिथे आले होते. आमच्या लोकांत काहीही झालं तरी ते पहिले पोचत. त्यांनी विचारलं, "पण वहिनी, ट्रंकेत आहे हे त्याले सांगितलं कोणी?"

"तेच तर! त्याले सगळं माहीत होतं. ट्रंक माहीत, लग्न माहीत. अन् आल्या आल्या विचारते कसा, गोविंदजी गेले ना दुकानात दहाला?"

गोविंदजी उंबऱ्याजवळ उभे होते. सगळ्यांचे डोळे हळूहळू तिकडे गेले. मी बाबांच्या मागे होते.

"गाठोडं उघडून पाहा म्हणून कोण मागं लागलं होतं?" काकांनी विचारलं.

"गोविंदच म्हणे," मावशी हळूच म्हणाली. "पहिल्याच संध्याकाळी. अम्मा, खोल के देखो."

"वा! याले काय स्वप्न पडलं होतं, आत वायसर आहे म्हणून?"

"दादा, हम घड़ीसाज हैं," गोविंदजी म्हणाले. "रत्ती-रत्ती का वज़न हाथ पहचानता है. पोटली उठाई तो समझ गए, ये सोना नहीं है."

"म्हणजे हातसुद्धा लावला! कबूल करून राहिला पाहा."

बाबा न्यायी माणूस होते. ते काकांना म्हणाले, जरा थांबा. मग गोविंदजींना विचारलं, "गोविंदजी, हम आप पर शक नहीं कर रहे. बस इतना बताइए, उसको आपका नाम किसने बताया?" गोविंदजींनी खूप विचार केला. ते खरंच विचार करत होते, कोणी सांगितलं असेल म्हणून. शेवटी म्हणाले, "हमको नहीं मालूम, भैया." बाबांनी मान खाली घातली. परत येताना बसमध्ये ते आईला म्हणाले, "आपला माणूस आपल्या मनानं असं करणार नाही. बाहेरच्यानंच त्याले भरीस घातलं असंल." जो चोर होता त्याला बाबा शेवटपर्यंत 'आपला माणूस' म्हणत राहिले. तो मराठी बोलला होता ना.

पण त्याआधी, त्या खोलीत, आईनं मला चहा द्यायला सांगितलं. मी थाळी घेऊन फिरले. गोविंदजींपर्यंत आले तेव्हा त्यांनी कप घेतला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "बिटिया, तुम तो पढ़ी-लिखी हो. इतने साल से देख रही हो हमें. तुम बताओ इनको, हम ऐसा कर सकते हैं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढा वेळ मला मिळाला होता. पुरेसा होता. मी म्हटलं, "मुझे क्या मालूम, गोविंदजी."

त्यांना ठाण्यावर बोलावलं. दोन दिवस बसवून ठेवलं, मग सोडून दिलं, पुरावा काही नव्हता. ते आले, अवजारांची पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली, मावशीच्या बंद दारासमोर उभे राहिले आणि पनागरच्या रस्त्याला लागले. सुमननं हे मला सांगितलं. मावशीनं दार उघडलं नाही. पुढे त्या खोलीत एक मराठी कुटुंब राहायला आलं. सुमनचं लग्न ठरल्या दिवशीच झालं, आईनं स्वतःची एकदाणी तिच्या गळ्यात घातली. मी करवली होते. फोटोत हसताना दिसते.

मी का बोलले नाही? पहिल्यांदा कागदाची भीती होती. माझ्या अक्षरातला, माझ्या सहीचा कागद त्या माणसाच्या फाइलमध्ये होता. दारावर हळू टकटक झाली की मी आईला पुढे करायची. कोणी मराठीत हाक मारली की मी मागच्या दारानं निघून जायची. आई म्हणायची, "काहून वं, आपल्या माणसाले भिऊन राहिली?" एक वर्ष गेलं, दोन गेली. कागद आला नाही. त्यानं तो पुढच्याच नालीत फेकला असेल. भीती संपली तेव्हा बोलायला हवं होतं. पण तोवर न बोलण्याचीच सवय झाली होती, आणि ती भीतीपेक्षा चिवट निघाली. बाबा गेले, आई गेली. मावशीच्या शेवटच्या आजारपणात मी तिचे पाय चेपत बसायची. एकदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "गोविंदनं मले अम्मा म्हटलं अन् माझाच गळा कापला." माझे हात तिच्या पायांवर होते. ते थांबले सुद्धा नाहीत.

मागच्या वर्षी माझा मुलगा जेवताना फोनवर काहीतरी वाचून दाखवत होता, टॅक्स अधिकारी असल्याचं सांगून कोणी कोणाच्या घरात शिरला त्याची बातमी. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. म्हणाला, "मम्मी, कार्ड नहीं माँगा किसी ने? कौन इतना बेवकूफ होता है!" मी ताटातला भात कालवत राहिले. मग उठून हात धुतले. दुसऱ्या दिवशी पनागरची बस पकडली.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात त्यांच्या पुतण्याची बायको गहू निवडत होती. मी विचारलं, गोविंदजी इथेच राहतात का? ती म्हणाली, "काका तो उधर खेत पे रहते हैं, बोरिंग वाले कमरे में."

"घर में नहीं?"

"नहीं, शुरू से उधर ही. जब शहर से लौटे थे, तभी से." मग आवाज खाली करून, "पुरानी बात है दीदी. कुछ चोरी-ओरी का था. हमारी सास, अम्माजी ने उनको कभी चाबी के पास नहीं फटकने दिया."

शेतातल्या पंपाच्या त्या खोलीबाहेर खाटेवर ते बसले होते. अंग वाळलेलं, पण पाठ ताठ. मी नाव सांगितलं, खमरिया म्हटलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं. "मसाले वाली रामटेकेन की बिटिया." मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. कसा आला, मी काय म्हणाले, काय लिहून दिलं, त्यांचं नाव कसं माझ्या तोंडून गेलं. हात जोडले. मला वाटलं होतं, ते ओरडतील, किंवा रडतील, किंवा म्हणतील, जाऊ दे बिटिया, इतकी वर्षं झाली. मी तिन्हीची तयारी करून गेले होते.

ते म्हणाले, "हमें तो मालूम था, हमने नहीं किया. हमको क्यों बता रही हो?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"जिनको नहीं मालूम था, उनमें से एक ही बची है," असं म्हणून त्यांनी काठी घेतली आणि उठले. माझ्यापुढे चालत घराकडे निघाले. बांधावरून त्यांना चालायला त्रास होत होता, पण त्यांनी माझा हात घेतला नाही. अंगणात आल्यावर त्यांनी हाक मारली, "बहू, भाभी को बाहर लाओ. लड़कों को बुलाओ. पड़ोस में भी आवाज़ दे दो." माणसं जमली. पोरं मोबाइल खिशात टाकत आली. आतून एका फार म्हाताऱ्या बाईला दोन्ही बाजूंनी धरून आणून खाटेवर बसवलं. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. गोविंदजी खांबाला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "अब बोलिए. शुरू से. और ज़ोर से बोलना, भाभी ऊँचा सुनती हैं."

मी बोलायला लागले. हिंदीत, माझ्या बाबांच्या उंबऱ्याबाहेरच्या भाषेत. उस दिन दोपहर में मैं घर में अकेली थी. मी गोविंदजींच्या नावापर्यंत आले, तेव्हा म्हातारीनं हात वर करून मला थांबवलं, मान पुढे केली आणि तळवा कानाशी धरला.

"क्या? किसने बताया था उसको?"

"मैंने, अम्माजी."

तिला ऐकू आलं नाही. तिनं सुनेकडे बघितलं. सून माझ्याकडे बघत होती.

"मैंने," मी आणखी जोरानं म्हणाले.